ओटीपी कोणालाच सांगितला नाही तरी पैसे गेले, हे शक्य आहे

तुमच्या बाबांना नातेवाईकांच्या ग्रुपवर लग्नपत्रिका म्हणून एपीके फाइल आली, त्यांनी ती उघडली, काल रात्री खात्यातून ८७,००० गेले आणि आता शाखेत म्हणतायत की ओटीपी पडलाय म्हणजे तो तुम्हीच दिला असणार. बाबा म्हणतात मी कोणाशी बोललोच नाही. माझं मत विचाराल तर बाबा खरं सांगतायत, आणि बहुतेक हे बँकेतल्या माणसालाही माहीत असतं, पण काउंटरवर ते वाक्य टाकलं की समोरचा गप्प घरी जातो. आधी बाबांवर ओरडणं बंद करा. माणूस एकदा ओशाळला की अर्ध्या गोष्टी लपवतो आणि तपासाला नेमक्या त्याच लागतात.

झालं काय असेल ते सांगतो. पत्रिका फोटो किंवा पीडीएफ असते. एपीके म्हणजे अख्खं ॲप. ते इन्स्टॉल होताना एसएमएस वाचायची परवानगी मागतं, आपण घाईत 'अलाउ' दाबतो, नंतर त्याचा आयकॉनही दिसत नाही. मग बँकेचा प्रत्येक मेसेज परस्पर चोराकडे जातो. काही ॲप तर आपल्या फोनवरून गुपचूप एसएमएस पाठवतात, त्यामुळे चोराच्या मोबाइलवर आपल्या नंबराचं यूपीआय चालू होऊ शकतं. कार्डाचे आकडे मात्र कुठूनतरी लागतात, म्हणून मध्ये एक खोटं पान उघडतं, 'एक रुपया भरा' वगैरे. बाबांना शांतपणे विचारा असं काही पान आलं होतं का. आरटीओ चलान, पीएम किसान, वीजबिल, केवायसी, सगळ्या नावांनी हेच चालतं. म्हणून मला ती 'ओटीपी कोणालाही सांगू नका' जाहिरात आता अपुरी वाटते, सांगायची वेळच येत नाही हो.

फोन अजून तसाच चालू असेल तर हे वाचणं थांबवून आधी तो एअरप्लेन मोडवर टाका, वायफायही बंद. सिम काढून साध्या बटणाच्या फोनमध्ये घाला, घरात कोणाकडे तरी असतोच. त्यावरून ##००२# डायल करा, कॉल फॉरवर्डिंग लावलं असेल तर निघून जाईल. स्मार्टफोन इतक्यात रिसेट करू नका, आधी तो मेसेज, ती फाइल कोणाकडून किती वाजता आली, सगळ्याचे दुसऱ्या मोबाइलने फोटो काढा. पोलिसांना फोन बघायचा असेल तर ते बघू देत, मग फॅक्टरी रिसेट. नुसतं ॲप काढून भागत नाही असं समजूनच चला.

मग १९३०, म्हणजे सायबर फसवणुकीची सरकारी हेल्पलाइन, कुठल्याही फोनवरून. लागत नसेल तर लावत राहा, आणि तोवर सायबरक्राइम डॉट जीओव्ही डॉट इन वर तक्रार भरायला घ्या. हातात खाते क्रमांक, रक्कम, वेळ आणि ट्रान्झॅक्शन नंबर ठेवा. घाई कशाला, तर पैसा पहिल्या खात्यात बसून राहत नाही, भाड्याने घेतलेल्या तीनचार खात्यांतून फिरतो आणि मग एटीएममधून किंवा क्रिप्टोत जातो. १९३० वर नोंद झाली की त्या साखळीतल्या बँकांना कळवलं जातं आणि जिथे शिल्लक सापडेल तिथे ती रोखतात. रोखली म्हणजे लगेच परत मिळाली असं नाही, बऱ्याचदा कोर्टाचा आदेश लागतो, पण निघून गेलेल्या पैशापेक्षा अडकलेला पैसा बरा. पोचक्रमांक मिळेल तो घेऊन पोलीस स्टेशनला जा. आमच्या हद्दीत येत नाही म्हणाले तर झिरो एफआयआर, म्हणजे हद्द न बघता कुठल्याही ठाण्यात नोंदवायची तक्रार, घ्या म्हणून शांतपणे सांगा, तशी कायद्यात सोय आहे.

आता बँक. कार्ड, नेटबँकिंग, यूपीआय सगळं ब्लॉक केलंत ना? आणि एफडी बघा! लोक बचत खातं बघतात आणि तिकडे ऑनलाइन एफडी मोडलेली असते, नाहीतर नावावर इन्स्टंट लोन निघालेलं असतं.

तोंडी भांडण नको, लेखी अर्ज द्या आणि पोच घ्या. रिझर्व्ह बँकेने २०१७ साली ग्राहकाच्या जबाबदारीबद्दल जे परिपत्रक काढलं त्यात, चूक ना बँकेची ना ग्राहकाची अशा प्रकरणात तीन कामकाजाच्या दिवसांत कळवलं तर ग्राहकाचं नुकसान शून्य, आणि ग्राहकाचा दोष सिद्ध करण्याचं ओझं बँकेवर. म्हणजे 'तुम्हीच दिला' हे त्यांनी दाखवायचं. त्याच वर्षी सहकारी बँकांसाठीही तसंच परिपत्रक निघालं, पतसंस्थांना मात्र हे लागू नाही. खोटी आशा दाखवत नाही, ॲप तुम्हीच टाकलं, हा तुमचा निष्काळजीपणा असं बँक नक्की म्हणणार, आणि तसं ठरलं तर कळवण्याआधीचं नुकसान ग्राहकाचं. पण कळवल्यानंतर जे जाईल ते बँकेचं, म्हणून अर्जावर आजची तारीखच नाही तर वेळही घालून घ्या. तीस दिवसांत उत्तर आलं नाही किंवा पटलं नाही तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे फुकट तक्रार करता येते, त्यासाठी वकील लागत नाही.

एक राहिलंच, बाबांचं व्हॉट्सॲप. हीच फाइल आता बाबांच्या नावाने सगळ्या पाहुण्यांना गेली असेल, तुमच्याकडेही ती अशीच कोणा बिचाऱ्या मामाकाकाच्या फोनवरून आली असणार. ग्रुपवर लिहू नका नुसतं, चारपाच जणांना फोन करा. रिसेटनंतर फोन पुन्हा सुरू केल्यावर सेटिंगमध्ये व्हॉट्सॲपला अनोळखी ॲप इन्स्टॉल करायची परवानगी बंद ठेवा, ही एक गोष्ट केली तर फाइल आली तरी तिथेच अडते.

आणि येत्या आठवड्यात कोणीतरी फोन करेल, सायबर सेलमधून बोलतोय, तुमचे पैसे सापडलेत, प्रोसेसिंग फी भरा. तक्रार केलेल्यांना, विशेषतः सोशल मीडियावर रडगाणं लिहिलेल्यांना, हे लोक शोधून काढतात. एक रुपया द्यायचा नाही. त्यांनी व्हिडिओ कॉलवर खाकी घालून डिजिटल अरेस्टची धमकी दिली तरी फोन कट करा, असली अटक कायद्यात नाहीच.

अर्ज आजच द्या, उद्यावर नको. बँकेचं लेखी उत्तर आलं की त्यातलं नाव आणि नंबर झाकून इथे टाका, लोकपालाकडे काय लिहायचं ते त्यावरून सांगतो.