१ लाख ६५ हजार किमी चाललेली ऑटोमॅटिक आणि मार्चचा हप्ता

नाशिकहून एका वाचकाचं पत्र आलंय. वय ४४, हातात येणारा पगार ७२ हजार, होम लोनचा हप्ता २४ हजार, दोन मुलं शाळेत, बायको सध्या घरी. २०१४ ची पेट्रोल सेडान, टॉर्क कन्व्हर्टरवाली (इंजिनची ताकद तेलातून गिअरबॉक्सला देणारी) ऑटोमॅटिक. सकाळी थंड असताना दुसऱ्यावरून तिसऱ्यावर जाताना धक्का देते. वर्कशॉपने सांगितलं नवा गिअरबॉक्स २ लाख ४० हजार, नाहीतर ओव्हरहॉल, म्हणजे आहे तोच खोलून दुरुस्ती, १ लाख १० हजार. प्रश्न असा की एवढा खर्च करू की १४ लाखांची नवी घेऊ? पुढे ते लिहितात, "बँकेतल्या गुंतवणुकीत ३ लाख आहेत ते डाउन पेमेंटला काढतो, जुनी एक्सचेंजमध्ये लाखाला जाईल, उरलेलं लोन. गुंतवणुकीचा मार्चचा हप्ता भरायला आतापर्यंत १ लाख २० हजार वेगळे ठेवलेत, त्यांना हात लावायचा नाही."

दादा, गाडीचं सांगतोच, पण या शेवटच्या दोन वाक्यांनी मला जास्त काळजी लागलीय.

तुम्ही पाठवलेला कागद नीट बघितला. बँकेतली गुंतवणूक म्हणता ती एफडी नाही. ही २० वर्षांची एंडोमेंट पॉलिसी आहे, म्हणजे विमा आणि बचत एकत्र, १० वर्षं दरवर्षी दीड लाख भरायचे, तुम्ही दोन भरलेत. तुमची एफडी मॅच्युअर झाली त्या दिवशी बँकेतल्या माणसाने समोर बसवून "पैसे दुप्पट" सांगितलं आणि सह्या घेतल्या, आणि ३ लाख कधीही काढता येतील असं तुम्ही धरून चाललात. तसं नाहीये. दोन हप्त्यांनंतर हमीची सरेंडर व्हॅल्यू, म्हणजे पॉलिसी मध्येच बंद केली तर परत मिळणारी रक्कम, भरलेल्या रकमेच्या साधारण ३० टक्के असते, म्हणजे ९० हजार. स्पेशल सरेंडर व्हॅल्यू याहून जास्त निघू शकते, आकडा कंपनीकडून लेखी मागवा. पण ३ लाख मिळणार नाहीत, आणि सरेंडर केली की मार्चचा हप्ता भरायला पॉलिसीच उरत नाही. म्हणजे तुमचं डाउन पेमेंट मुळात अस्तित्वातच नाही.

"दुप्पट"चा हिशेब पण बघा. १५ लाख भरून विसाव्या वर्षी ३० लाख, हे वर्षाला साडेचार टक्क्यांच्या आसपास पडतं. हेच पैसे याच पद्धतीने पीपीएफमध्ये टाकले असते, मुदत वाढवून २० वर्षं ठेवले असते आणि ७.१ टक्के दर टिकला असता, तर ४४ लाखांच्या घरात गेले असते. आता भरलेलं गेलं असं समजून, फक्त सरेंडरला मिळणारे ९० हजार सोडले असं धरून, आजपासून पुढचं मोजलं तर ही पॉलिसी पावणेसहा टक्क्यांपर्यंत जाते, म्हणजे अगदीच टाकाऊ नाही हे प्रामाणिकपणे सांगतो, पण त्यासाठी अजून १२ लाख भरायचे आणि अठरा वर्षं अडकून बसायचं, ते पण हाताशी सहा महिन्यांचा खर्च नसताना.

आणि कव्हर किती? १५ लाख. होम लोन बाकी २२ लाख. उद्या तुम्हाला काही झालं तर त्या १५ लाखांत घरसुद्धा मोकळं होत नाही, मुलांच्या शिक्षणाचं तर दूरच. वर्षाला दीड लाख विम्याच्या नावाखाली जातायत आणि विमा नाही! मला याचाच सगळ्यात जास्त राग येतो. तब्येत चांगली असेल, तंबाखू नसेल तर साठीपर्यंतचं १ कोटीचं टर्म, म्हणजे बचत नसलेला निव्वळ विमा, साधारण वर्षाला २५-३० हजारात मिळतं. या आठवड्यात अर्ज टाका. टर्म पॉलिसी हातात आल्याशिवाय जुनी बंद करू नका, हप्त्याच्या तारखेनंतर ३० दिवसांचा ग्रेस असतो तोही मोजा. मग तिसरा हप्ता भरू नका आणि सरेंडर की पेड-अप (हप्ते थांबवून कमी रकमेवर पॉलिसी चालू ठेवणं) हे लेखी आकडा बघून ठरवा. एफडी सांगून विकली म्हणून बँक आणि विमा कंपनी दोघांकडे लेखी तक्रार द्या, ३० दिवसांत दाद मिळाली नाही तर विमा लोकपालाकडे जा.

आता गाडी. १० लाखांचं लोन, ९ टक्के, ७ वर्षं, म्हणजे महिन्याला १६ हजार. होम लोनचे २४, पॉलिसीचे साडेबारा. हातात राहतात साडेएकोणीस हजार, त्यात चार माणसांचं घर. नवी गाडी नाही. हा विषय माझ्याकडून संपला.

तुमची पाच वर्षांची सर्व्हिसची बिलं चाळली. टेफ्लॉन कोटिंग तीनदा, एसी क्लीनिंग दरवर्षी, इंजिन डीकार्ब दोनदा, सगळं मिळून ४० हजारांच्या वर. गिअरबॉक्सचं तेल, एटीएफ, एकदाही नाही. "लाइफटाइम ऑइल आहे" असं सांगितलं असणार. ते तेल उष्णतेने खराब होतं, साधारण ६० हजार किमीला बदललं तर बॉक्स बराच टिकतो, आणि तुमचं १ लाख ६५ हजार किमी तेच.

म्हणून आधी ऑटोमॅटिकचंच काम करणाऱ्या दुसऱ्या गॅरेजला जा, स्कॅनर लावून कोड वाचायला सांगा, इंजिन माउंटिंग तपासायला सांगा कारण तुटलेलं माउंटिंगही असाच धक्का देतं. मग तुमच्यासमोर गिअरबॉक्सखालचा तेलाचा पॅन खोलायला लावा. पांढऱ्या टिश्यूवर तेलाचा थेंब टाका, तपकिरी असेल तर ठीक, काळं असून जळका वास येत असेल तर आत क्लच प्लेट्स जळल्यात. पॅनमधल्या लोहचुंबकावर राखाडी लेप असतोच, बोटाने पुसला जातो, घाबरू नका. चकचकीत कण किंवा तुकडे दिसले तर मात्र ओव्हरहॉलला पर्याय नाही. लेपच असेल तर फिल्टर, गॅस्केट आणि कंपनीने सांगितलेल्या ग्रेडचंच तेल, ८-१० हजार. एका वेळी निम्मंच तेल निघतं, बाकीचं टॉर्क कन्व्हर्टरमध्ये राहतं, म्हणून हजारेक किमीनंतर पुन्हा एकदा. मशीनने फ्लश नको, इतक्या जुन्या बॉक्सला नकोच. आणि आरपीएम वाढतो पण गाडी पुढे जात नाही असं होत असेल तर तेलाने ते बरं होणार नाही, उगाच आशा धरू नका.

ओव्हरहॉलच करावं लागलं तर १ लाख १० हजारांपर्यंत करा, त्यावर नाही. तीन वर्षांवर पसरलं तर महिन्याला ३ हजार, नव्या गाडीच्या हप्त्याचा साधारण पाचवा हिस्सा. त्यातच टॉर्क कन्व्हर्टर उघडून दुरुस्त आणि ऑइल कूलर साफ झालाच पाहिजे, नाहीतर कूलरमधला जुना कचरा नव्या प्लेट्स खातो. निदान सहा महिन्यांची वॉरंटी बिलावर लिहून घ्या. २ लाख ४० हजारांचा बॉक्स घालू नका, गाडी चालू हालतीत अडीच लाखाला जाईल की नाही सांगता येत नाही आणि २०२९ ला १५ वर्षं झाली की आरसीचं नूतनीकरण, पर्यावरण कर आहेच. मोटार इन्शुरन्समधून काही मिळेल का असंही विचारलंय, नाही, झिजलेल्या पार्टला क्लेम नसतो.

पैसे कुठून आणायचे? ते १ लाख २० हजार, ज्यांना हात लावायचा नाही म्हणालात, तेच. टर्म झाल्यावर बँकेत जाऊन मार्चचं ऑटो डेबिट बंद करा आणि पोच घ्या, फोनवर "करतो सर" म्हणाले तर ऐकून परत येऊ नका.