याहू मेसेंजर, हॉटमेल एवढं चालायचं, मग संपलं कसं?

तुम्ही विचारलंय की एके काळी सगळ्यांकडे याहू नि हॉटमेलचे आयडी असायचे, मग ते एवढं झटकन कसं संपलं. आमच्याकडे इंदूरला तेव्हा इंटरनेट घरात नव्हतंच, सायबर कॅफेत होतं, आणि मला वाटतं खरं उत्तर तिथेच आहे.

2001 मध्ये दादा न्यू जर्सीला होता. उन्हाळ्यात दर शनिवारी संध्याकाळी 6 ला, म्हणजे त्याच्याकडे सकाळी साडेआठ, मी आईला रामबागेतून राजवाड्याकडच्या एका कॅफेत न्यायची, तासाचे 25 रुपये. याहूच्या यादीत दादाचा करडा चेहरा पिवळा झाला रे झाला की आई पदर सारखा करायची, कॅमेरा नसला तरी. मग ती बोलायची आणि मी रोमनमध्ये मराठी टाइप करत सुटायची, आणि आमचं उत्तर जायला उशीर झाला की तो बझ द्यायचा, सगळी विंडो थरथरायची.

तो पिवळा चेहरा म्हणजे माणूस आत्ता तिथे खुर्चीत बसलाय, अख्खी मजा त्यातच होती, आणि फोन खिशात आल्यावर माणूस कायमच ऑनलाइन, म्हणून तीच गेली. 2009 मध्ये व्हॉट्सअ‍ॅप आलं, त्याला आयडी नको पासवर्ड नको, फोन नंबर पुरे, आईसुद्धा एका दिवसात शिकली.

दुसरं म्हणजे या कंपन्यांनी एकमेकांना दारं लावून घेतली. 1999 मध्ये एमएसएन मेसेंजर आला तेव्हा मायक्रोसॉफ्टनं त्यातून एओएल या अमेरिकन इंटरनेट कंपनीच्या मेसेंजरवाल्यांशीही बोलायची सोय दिली होती, एओएल ती पुन्हा पुन्हा तोडायचं, शेवटी मायक्रोसॉफ्टनंच नाद सोडला. याहू आणि एमएसएन आपसात जोडले गेले ते थेट 2006 ला, तोवर इथली पोरं गूगलच्या ऑर्कुट आणि जीटॉक चॅटवर गेलेली. एमएसएन 2013 ला बहुतेक ठिकाणी बंद झाला, एओएलचा मेसेंजर एआयएम डिसेंबर 2017 ला, याहू मेसेंजर 17 जुलै 2018 ला, आणि सगळ्यांच्या आधीचा, 1996 चा आयसीक्यू, तो 2024 पर्यंत तगला.

मेलचं दुखणं जागेचं. सबीर भाटिया आणि जॅक स्मिथ यांनी 4 जुलै 1996 ला हॉटमेल सुरू केलं, पुढच्याच वर्षी मायक्रोसॉफ्टनं घेतलं, पण फुकट जागा कित्येक वर्षं 2 एमबीच. जीमेल 1 एप्रिल 2004 ला 1 जीबी घेऊन आलं तेव्हा लोकांना एप्रिल फूलच वाटलं! माझा मेलबॉक्स (कुठला ते जाऊ दे) सारखा भरायचा, म्हणून मी पुतणीच्या बारशाचे फोटो उडवले, तिसऱ्या फोटोत आजीनं पाठवलेली दुपटी पाळण्यात दिसत होती. नंतर दादाला म्हटलं परत पाठव, तर बरेच महिने लॉगिन केलं नाही म्हणून त्याचं खातंच रिकामं केलेलं. आजी तोवर गेली होती. मला अजून वाईट वाटतं.

तुमचं जुनं खातं उघडत असेल, तर आज रात्रीच फोटो उतरवून घ्या.