वाईन अजिबात आवडत नाही, पण मित्रांबरोबर बसल्यावर घ्यावी लागते. मला आवडेल अशी एखादी व्हाईट वाईन असते का?

असते. रीसलिंग. पण माझी तिच्याशी गाठ पडायला बरीच वर्षं गेली, आणि त्याला कारण आमचे मेहुणे.

मेहुणे म्हणजे घरातले वाईनचे अधिकारी. ग्लास गोल फिरवायचा, त्यात नाक खुपसायचं, डोळे मिटायचे आणि मग आमच्याकडे कीव आल्यासारखं बघायचं. त्यांच्या आग्रहाखातर मी रेड घ्यायचो, तर टॅनिननं, म्हणजे द्राक्षाच्या सालीतल्या तुरटपणानं, तोंड नुसतं आवळून यायचं. मग 'तुझ्यासाठी सोपी' म्हणून त्यांनी ओकच्या पिंपात मुरलेली शार्डने ही व्हाईट वाईन दिली. लोणी आलं, व्हॅनिला आला, लाकूड आलं. द्राक्षाचा पत्ता नाही. "तुझी जीभ अजून तयार नाही," हे वर ऐकायचं.

एकदा कुणीतरी जर्मनीतल्या मोझेल भागातली रीसलिंग आणली, लेबलवर 'काबिनेट'. मेहुण्यांनी "गोड असते, नवशिक्यांची" म्हणत ती बाजूला सारली, म्हणून ती माझ्या वाट्याला आली. हिरव्या सफरचंदाचा वास, वर लिंबाच्या सालीचा. पहिल्यांदा गोड लागते आणि तो गोडवा जिभेवर बसायच्या आत मागून आंबटपणा येऊन सगळं धुऊन नेतो. अल्कोहोल जेमतेम 8 टक्के, त्यामुळे घशाशी जळजळ नाही. मी आपणहून दुसरा ग्लास मागितला तेव्हा बायको बघतच राहिली.

आता मेहुण्यांसाठी. गोड म्हणजे हलकी, हे कुणी ठरवलं? जर्मनीतली ट्रोकनबेरेनआउसलेझ ही वेलीवरच सुकलेल्या द्राक्षांची वाईन गोडमिट्ट असते आणि जगातल्या सर्वांत महागड्या व्हाईट वाईन्समध्ये गणली जाते. ती नवशिक्यांसाठी करतात का? गोडव्याला तोलणारा आंबटपणा नसेल तर वाईन पाकासारखी लागते, हे मान्य. रीसलिंगमध्ये तो भरपूर असतो.

तुमचं म्हणाल तर बाटलीवरचा अल्कोहोलचा आकडा बघा. रीसलिंगमध्ये 8-9 टक्के असेल तर साखर बरीच उरलेली असते, 12 च्या पुढे बहुधा ड्राय, म्हणजे गोडी नसलेली. 'काबिनेट'वरून गोडीचा अंदाज बांधू नका, तो शब्द द्राक्षं तोडताना किती पिकली होती ते सांगतो. त्याच्या शेजारी 'ट्रोकन' लिहिलं असेल तर ती ड्राय. सॉव्हिन्यॉ ब्लां या दुसऱ्या व्हाईट वाईनपासून सुरुवात करा असं सगळे सांगतात. मी नाही सांगणार, तिच्यातला हिरव्या ढोबळी मिरचीचा वास नव्या माणसाला पळवून लावतो. जुन्या रीसलिंगला पेट्रोलसारखा वास येतो, तो खराब झाल्याचा नव्हे. आणि फार गार करू नका, वास मरतो.

हां, मधुमेह असेल तर हे सगळं विसरा, आधी डॉक्टरांना विचारा. आणि घाईघाईत ट्रोकन उचलून आणलीत नि दात आंबले, तर मला शिव्या घालू नका. लेबल वाचायला सांगितलं होतं.