सीडीसी सुरू केल्यावर लॉग फुगतो

प्रश्न : आमच्या कारखान्याच्या एसक्यूएल सर्व्हरवर सीडीसी (चेंज डेटा कॅप्चर, म्हणजे डेटाबेसच्या तक्त्यांतले बदल टिपून ठेवणारी सोय) चालू केल्यापासून व्यवहारांची नोंद ठेवणारी लॉग फाइल वाढतेच आहे. लॉग बॅकअप घेऊनही जागा सुटत नाही. काय पाहावे?
– एक वाचक, उद्यमनगर, कोल्हापूर

उत्तर : आधी सिस डॉट डेटाबेसेस या, सर्व्हरवरच्या डेटाबेसांची माहिती देणाऱ्या यादीतला लॉग_रीयूज_वेट_डेस्क हा रकाना पाहा. तिथे 'रेप्लिकेशन' असेल, तर कॅप्चर जॉबने (लॉगमधून बदल वाचून घेणाऱ्या कामाने) न वाचलेला लॉग अडकून पडला आहे. बहुतेकदा सर्व्हर रीस्टार्ट झाल्यावर हा जॉब चालवणारी एसक्यूएल सर्व्हर एजंट सेवा बंदच राहिलेली असते. ती ऑटोमॅटिकवर ठेवा. लॉग फाइल कृपा करून हाताने उडवू नका!

जॉब चालू असेल, तर डीएम_सीडीसी_लॉग_स्कॅन_सेशन्समध्ये लेटन्सी (बदल टिपायला होणारा उशीर) बघा. आकडा सेकंदांत असतो. रिकाम्या स्कॅनला (ज्यात नवे बदल सापडले नाहीत) तो 0 दिसतो, त्यावर विसंबू नका. लेटन्सी चढतच असेल, तर मॅक्सट्रान्स (एका फेरीत वाचायच्या व्यवहारांची कमाल संख्या) 500 वरून वाढवा आणि जॉब थांबवून पुन्हा सुरू करा, त्याशिवाय बदल लागू होत नाही. चुका डीएम_सीडीसी_एरर्समध्ये सापडतील.