माझ्या लॅपटॉपमध्ये ५०० जीबीची एकच डिस्क आहे. विंडोजऐवजी लिनक्स मिंट टाकण्याआधी सगळा डेटा डी ड्राइव्हमध्ये हलवला तर चालेल का? की अख्ख्या डिस्कची इमेज, म्हणजे हुबेहूब प्रत, घ्यावी?

डी ड्राइव्हचा भरवसा अजिबात धरू नका. लॅपटॉपमध्ये ५०० जीबीची एकच डिस्क आहे म्हणता, म्हणजे सी आणि डी हे तिचेच दोन भाग. मिंटच्या इन्स्टॉलरमध्ये 'डिस्क पुसून इन्स्टॉल करा' हा पर्याय निवडलात की सीबरोबर डीसुद्धा गेला. बॅकअप लॅपटॉपच्या बाहेर, एक्स्टर्नल डिस्कवरच हवा.

इमेज घेतलीत तर उत्तमच; विंडोज जसंच्या तसं परत आणायला ती लागते आणि क्लोनझिला हा मोफत प्रोग्रॅम ते काम चोख करतो. (बिटलॉकर, म्हणजे विंडोजचं डिस्क कुलूपबंद करणारं एन्क्रिप्शन, चालू असेल तर आधी बंद करा आणि डिस्क पूर्ण डिक्रिप्ट होऊ द्या, म्हणजे ते कुलूप पूर्ण उघडू द्या.) पण इमेजमधून एखादाच फोटो काढायचा म्हटलं तर भलता खटाटोप होतो. दोन्हींपैकी एकच करणार असाल तर साध्या फाइल्स कॉपी करा.

कॉपी करताना लोक डेस्कटॉप, डॉक्युमेंट्स आणि फोटो घेतात आणि थांबतात. तुम्ही 'युजर्स'मधलं तुमच्या नावाचं अख्खं फोल्डर उचला, तेही ब्राउझर बंद करून आणि हिडन आयटम्स दिसतील असं सेटिंग करून. तेव्हा कुठे ॲपडेटा हे प्रोग्रॅम्सची सेटिंग्ज ठेवणारं लपलेलं फोल्डर दिसतं. फायरफॉक्सचं प्रोफाइल (बुकमार्क, पासवर्ड वगैरे) त्यातच असतं आणि ते लिनक्सवर उचलून ठेवता येतं. क्रोमची गोष्ट वेगळी. त्याचे पासवर्ड तुमच्या विंडोज खात्याशी बांधून एन्क्रिप्ट केलेले असतात, त्यामुळे नुसतं फोल्डर नेऊन ते मिंटमध्ये उघडत नाहीत. गुगल खात्याशी सिंक चालू नसेल तर क्रोमच्या पासवर्ड मॅनेजरमधून सीएसव्ही (साध्या तक्त्याची फाइल) एक्स्पोर्ट करून घ्या आणि नव्या सिस्टीममध्ये इम्पोर्ट झाली की ती फाइल लगेच उडवा. त्यात सगळे पासवर्ड उघडे लिहिलेले असतात.

वनड्राइव्ह वापरत असाल तर फाइल्सच्या शेजारी ढगाचं चिन्ह आहे का बघा. ढग असेल तर लॅपटॉपवर फक्त नाव आहे, फाइल नाही. त्या फोल्डरवर राइट क्लिक करून 'ऑल्वेज कीप ऑन धिस डिव्हाइस' निवडा आणि सगळं उतरेपर्यंत थांबा. जुन्या, युनिकोड नसलेल्या फॉन्टमध्ये टाइप केलेलं काही असेल तर ते फॉन्टही घ्या, नाहीतर मजकुराच्या जागी अगम्य चिन्हं दिसतील.

एक्स्टर्नल डिस्कचा फॉरमॅट फॅट ३२ असेल तर ४ जीबीपेक्षा मोठा व्हिडिओ ती घेणारच नाही. ती एनटीएफएस किंवा एक्सफॅट करून घ्या (फॉरमॅट केल्यावर तिच्यावरचं आधीचं सगळं जातं, एवढं ध्यानात असू द्या). लिनक्सला दोन्ही वाचता येतात.

आता तपासणी, जी बहुतेक जण टाळतात. मिंटची आयएसओ (इन्स्टॉलेशनची फाइल) वेगळ्या पेनड्राइव्हवर टाका, कारण तो पेनड्राइव्ह पूर्ण पुसला जातो. त्यावरून लॅपटॉप चालू केलात की काहीही इन्स्टॉल न करता मिंट वापरता येतं. तिथेच बॅकअपची डिस्क जोडा, फोल्डर्सचे आकार ताडून पाहा, सगळ्यात मोठा व्हिडिओ मध्यावरून चालवून पाहा, दोनचार जुन्या फाइल्स उघडा. वायफाय आणि आवाज चालतो का, तेही याच बैठकीत कळेल.

सगळं उघडलं की बॅकअपची डिस्क इजेक्ट करून काढून ठेवा आणि मगच इन्स्टॉलर सुरू करा. तिथे डिस्कची नावं एसडीए, एसडीबी अशी दिसतात आणि भलतीच निवडली जायला वेळ लागत नाही.