'पूर्व तिमोर' म्हणजे पूर्व-पूर्व?

प्रश्न असा आहे: "मलय भाषेत 'तिमुर' म्हणजे पूर्व. मग 'पूर्व तिमोर' ही 'पिवळा पीतांबर'सारखी द्विरुक्ती झाली ना? आणि मराठीत लिहावे काय – पूर्व तिमोर, ईस्ट तिमोर की तिमोर-लेस्ते?"

पूर्व तिमोर म्हणजे इंडोनेशियाच्या बेटांशेजारी, तिमोर बेटाच्या पूर्व अर्ध्यात वसलेला छोटा देश. व्युत्पत्ती बरोबर आहे. इंडोनेशियात पूर्व जावाला आजही 'जावा तिमुर' म्हणतात. जावा-बालीवरून बेटांची माळ धरून उगवतीकडे निघालेल्या गलबतांना टोकाला लागणारे मोठे बेट, म्हणून ते 'तिमुर'. ओढ चंदनाची होती. देवाने तिमोर चंदनासाठी, बांदा बेटे जायपत्रीसाठी आणि मोलुक्का बेटे लवंगांसाठी घडवली, असे मलय व्यापारी म्हणतात, हे तोमे पिरेस या पोर्तुगीजाने 1515च्या सुमारास टिपून ठेवले आहे. पोर्तुगीजांच्या तोंडी 'तिमुर'चे 'तिमोर' झाले. (संस्कृत 'तिमिर'शी याचे नाते नाही. तैमूरलंगाशीही नाही, तो शब्द तुर्की, अर्थ लोखंड.)

तरीही 'पूर्व तिमोर'ला मी द्विरुक्ती म्हणणार नाही. पीतांबरातला पिवळा रंग मराठी कानाला अजून ऐकू येतो, म्हणून 'पिवळा पीतांबर' खटकतो. 'तिमोर'मधली दिशा बाहेरच्यांसाठी कधीच विरून गेली, उरले ते बेटाचे नाव. आपल्याकडे 'मावळ' हे नाव मावळतीवरून आले असे मानतात, पण 'मावळच्या पूर्व भागात पाऊस कमी' हे वाक्य ऐकून कुणी दचकत नाही.

या नावाला 'पूर्व' चिकटले ते वाटणीमुळे. पश्चिमेला कुपांगमध्ये डच बसले. पोर्तुगीजांचे ठाणे आधी लिफाऊला होते, 1769मध्ये ते दिलीला, म्हणजे आजच्या राजधानीला, हलले. 1859च्या तहाने दोघांनी बेट वाटून घेतले, आणि सीमेचा उरलेला वाद 1914च्या लवादाने मिटवला. गंमत म्हणजे ते जुने लिफाऊ ज्या ओएकुसीत आहे, तो तुकडा पश्चिम अर्ध्यात, तीन बाजूंनी इंडोनेशिया आणि चौथ्या बाजूला समुद्र असा पडला आहे, तरी तो याच देशाचा. म्हणजे 'पूर्व' हे भूगोलापेक्षा तहाच्या कागदावरचे विशेषण. त्या काळात, 1844पर्यंत, हा मुलूख गोव्याच्या पोर्तुगीज सरकारच्या अखत्यारीत होता. त्यामुळे तिथल्या तेतुम भाषेत खिडकीला 'जानेला' आणि पावाला 'पाउन' म्हणतात हे कळल्यावर गोव्यातल्या माणसाला आपले 'जनेल' आणि आपला पाव आठवल्याशिवाय राहणार नाही.

खरीखुरी द्विरुक्ती पुढे झाली आणि तिच्यामागे फार मोठे दुःख आहे. 28 नोव्हेंबर 1975 रोजी पोर्तुगालपासून स्वातंत्र्य जाहीर झाले. नऊ दिवसांत इंडोनेशियाचे सैन्य उतरले आणि 1976मध्ये हा देश त्यांचा 27वा प्रांत ठरवला गेला. प्रांताचे नाव 'तिमोर तिमुर'. ज्यांच्या भाषेत 'तिमुर' हा रोजचा शब्द, त्यांनीच एकाच शब्दाची दोन रूपे शेजारी ठेवली, आणि बोलताना त्याचे 'तिमतिम' केले. ऐकायला लाडके वाटणाऱ्या या नावाखाली किमान एक लाखाच्या आसपास माणसे गेली, असा तिथल्या सत्यशोधन आयोगाचा हिशेब आहे. 30 ऑगस्ट 1999च्या सार्वमतात 78.5 टक्के लोकांनी स्वातंत्र्याच्या बाजूने कौल दिला.

पूर्वेसाठी तिमोरी लोकांचा स्वतःचा शब्दही होता. तेतुममध्ये 'लोरो' म्हणजे सूर्य, 'सा-ए' म्हणजे वर येणे. 'लोरोसाए' ही उगवत, 'लोरोमोनु' (मोनु म्हणजे पडणे) ही मावळत. गावाकडे उगवतीला-मावळतीला म्हणणाऱ्या मराठी माणसाला हे वेगळे समजावून सांगावे लागणार नाही. समुद्रांचीही नावे अशीच: उत्तरेचा शांत तो 'तासी फेतो', बाईसमुद्र, आणि दक्षिणेचा खवळलेला तो 'तासी माने', पुरुषसमुद्र. 'तिमोर लोरोसाए' हे नाव पुष्कळ वापरले गेले. मला ते सर्वांत सुंदर वाटते. पण 'लोरोसाए' म्हणजे देशातल्याच पूर्वेकडचे लोक असाही अर्थ होतो, आणि 2006च्या यादवीत 'लोरोसाए' व 'लोरोमोनु' हे शब्द शेजाऱ्याला शेजाऱ्यापासून तोडण्यासाठी वापरले गेले. सगळ्या देशाला त्यातला एक शब्द लावणे तेव्हापासून अवघड झाले.

तेव्हा मराठीत 'तिमोर-लेस्ते' लिहावे. 'लेस्ते' म्हणजे पोर्तुगीजमध्ये पूर्व. 20 मे 2002 रोजी त्यांनी हेच नाव घेऊन स्वतंत्र कारभार सुरू केला, आणि देशाने स्वतःसाठी निवडलेले नाव आपण का बदलावे? 1975पूर्वीचे सांगताना 'पोर्तुगीज तिमोर' योग्य, इंडोनेशियाच्या काळासाठी 'पूर्व तिमोर' चालेल. 'ईस्ट तिमोर' लिहिण्याचे कारण मला दिसत नाही. मधे इंग्रजीला कशाला बोलवायचे? 'लेस्ट' असेही नको, शेवटचा 'ते' उच्चारायचा आहे.

राहता राहिले सामान्यरूप. 'पुणे – पुण्यात' या चालीवर 'तिमोर-लेस्त्यात' असे रूप करावेसे वाटेल, पण परभाषेतून आलेले एकारान्त शब्द आपण सहसा तसेच ठेवतो: रेल्वेत, कॅफेत. म्हणून 'तिमोर-लेस्तेत', 'तिमोर-लेस्तेचा'. आणि तिथला माणूस तो तिमोरी.