बँक वाचली, शेअरचं काय?

सातारा,
20 फेब्रुवारी 2021

प्रिय भाचीबाई,
अनेक आशीर्वाद.

तुझा लांबलचक मेसेज काल रात्री वाचला. अमरावतीत आज रात्रीपासून सोमवार सकाळपर्यंत पुन्हा बंद आहे. म्हणजे तू घरात बसून बंद बाजाराचे भाव बघत राहणार. म्हणून फोन न करता लिहूनच पाठवतोय, आणि फोनवर तू मला पुरतं बोलूही देत नाहीस.

तू दोन गोष्टी विचारल्यास. येस बँकेचे 600 शेअर 2019 मध्ये बासष्टच्या भावाने घेतलेले, त्यातले 450 गोठलेले. आता भाव सोळा-सतरा आहे, तर आणखी घेऊन सरासरी खाली आणू का? आणि बँक ऑफ महाराष्ट्र मंगळवारी वरच्या सर्किटला, म्हणजे एका दिवसात भाव वाढायच्या कमाल मर्यादेला, गेली, तिच्यात आता शिरावं का?

दोन्हींची उत्तरं देतो, पण आधी थोडं मागचं. माझी सगळी नोकरी बँकेच्या कर्जविभागात झाली, त्यामुळे बँकेकडे बघायची माझी सवय जरा वेगळी आहे. शेअर घेणारा नफा बघतो, मी आधी भांडवल बघतो. ढोबळ हिशेब असा. बँकेने 100 रुपये कर्ज दिलं असेल, तर त्यात भागधारकांचे स्वतःचे आठ-दहा रुपये असतात, बाकीचे ठेवीदारांचे आणि इतर देणेकऱ्यांचे. शंभरातले दहा बुडाले, तर लोकांच्या दृष्टीने बँकेची नव्वद टक्के कर्जं अजून शाबूत असतात. भागधारकाचं मात्र सगळं गेलेलं असतं. साबणाच्या कारखान्याचं एक वर्ष वाईट गेलं तर नफा बुडतो; बँकेचं एक वर्ष फार वाईट गेलं तर मालकीच बुडते. आणि साथीचं वर्ष म्हणजे हॉटेलवाला, बसवाला, कापड दुकानदार, सगळ्यांचे हप्ते एकदम थकणार.

अशा वेळी सरकार आणि रिझर्व्ह बँक धावतात ते ठेवीदारासाठी. धावायलाच हवं, नाहीतर एका बँकेच्या दारातली रांग दुसऱ्या दिवशी पाच बँकांच्या दारात दिसते. भागधारकाला वाचवायचं बंधन कोणावरही नाही. तो मालक, आणि देणी भागवताना मालकाचा नंबर शेवटचा.

आमच्या साताऱ्याची युनायटेड वेस्टर्न बँक तुला आठवायची नाही. 2006 च्या सप्टेंबरमध्ये तिच्यावर निर्बंध आले आणि महिन्याभरात ती आयडीबीआयमध्ये गेली. भागधारकांना शेअरमागे 28 रुपये रोख मिळाले. इथल्या कितीतरी घरांत ते शेअर होते, आजोबांनी घेतलेले, कपाटातल्या फायलीत ठेवलेले. त्या अनुभवामुळे इकडच्या लोकांचा समज झाला, की बँक दुसरीत गेली तरी हातात काहीतरी पडतंच. त्याआधी दोनच वर्षं ग्लोबल ट्रस्ट बँक ओरिएंटल बँकेत गेली होती आणि तिच्या भागधारकांना एक पैसाही मिळाला नव्हता. ते मात्र कोणाच्या लक्षात राहिलं नाही.

आता गेल्या वर्षाकडे बघ. येस बँकेवर 5 मार्चला, गुरुवारी संध्याकाळी, निर्बंध आले. खात्यातून 50,000 च्या वर काढता येईना. पिंपरी-चिंचवड महापालिकेचे तिथे 900 कोटींहून अधिक अडकले होते. दुसऱ्या दिवशी शेअर सहाच्याही खाली जाऊन आला. मग स्टेट बँक आणि इतर बँका-वित्तसंस्थांनी मिळून 10,000 कोटी घातले, तेही दहा रुपये भावाने. 18 मार्चला निर्बंध उठले. ठेवीदारांचा रुपया बुडाला नाही. 8,415 कोटींचे कायमस्वरूपी बाँड, म्हणजे मुद्दल परत द्यायची तारीख नसलेले रोखे, मात्र शून्य झाले, आणि त्यात ‘एफडीसारखंच आहे’ म्हणून ते गळ्यात मारले गेलेले सामान्य लोकही होते. ज्यांच्याकडे शंभर किंवा जास्त शेअर होते, त्यांचे 75 टक्के तीन वर्षांसाठी गोठवले. तुझे 450 त्यातलेच. 13 मार्च 2023 पर्यंत त्यांना हात लावता येणार नाही, तेव्हा त्यांच्यावर झोप घालवू नकोस.

गंमत पुढे आहे. बहुतेक शेअर गोठल्यामुळे बाजारात विकायला माल फारसा उरला नाही आणि भाव काही दिवसांत 80 च्या पलीकडे उडाला. तेव्हा ‘आता वर जाणार’ म्हणून घेणारे पुष्कळ होते. जुलैमध्ये त्याच बँकेने नवे शेअर काढून 15,000 कोटी उभे केले, बारा रुपयांना एक. चार महिन्यांत ऐंशीचे बारा.

म्हणून सरासरीचा तुझा हिशेब मला पटत नाही. तू भाव बघतेस, शेअरची संख्या बघत नाहीस. बुडायच्या आधी या बँकेचे सुमारे 255 कोटी शेअर होते, आज 2,500 कोटींच्या वर आहेत. आजच्या सोळा रुपयांना अख्ख्या बँकेची किंमत सुमारे 40,000 कोटी होते. जुन्या संख्येने तो भाव 160 च्या आसपास भरेल. म्हणजे शेअर स्वस्त दिसतो, बँक स्वस्त नाही. आणि तुझ्या ग्रुपवरचे लोक 2018 मधला चारशेचा भाव परत येईल म्हणतात ना? तो आला तर येस बँकेची किंमत 10 लाख कोटी होईल. आज देशातली सर्वांत मोठी खासगी बँक, एचडीएफसी, तीही तिथवर पोचलेली नाही. बँक चांगली चालेलही, स्टेट बँक मागे आहे. पण तुझे बासष्ट परत येण्यासाठी ती जुन्या संख्येने सहाशे रुपये भावाच्या तोलाची व्हावी लागेल. सोळाने घेऊन सरासरी खाली आणणं हा बुडत्याचा पाय खोलात.

मोकळे 150 आहेत ते मी असतो तर विकले असते. नुकसान पावणेसात हजारांच्या आसपास दिसेल. ते वर्षाच्या वर धरलेल्या शेअरचं नुकसान आहे, त्यामुळे प्राप्तिकराचं विवरणपत्र वेळेत भरलंस तर पुढची आठ वर्षं दीर्घ मुदतीच्या नफ्यातून वजा करता येतं. विकायचं नसेल तर नको विकूस, पण ‘माझा भाव आला की विकेन’ हे कारण सांगू नकोस. तुझा खरेदीचा भाव बँकेला माहीत नाही.

लक्ष्मी विलास बँकेचं प्रकरण मला येस बँकेपेक्षा जास्त शिकवणारं वाटतं. तमिळनाडूतल्या करूरची, 1926 सालची बँक. 17 नोव्हेंबरला निर्बंध आले, 25,000 ची मर्यादा लागली, आणि त्याच संध्याकाळी विलीनीकरणाचा मसुदाही आला: सिंगापूरच्या डीबीएस बँकेची भारतीय कंपनी तिला घेणार, भागधारकांना शून्य. शेअर त्या दिवशी पंधराच्या वर होता. मग रोज खालचं सर्किट, विकायला रांग आणि घेणारा कोणी नाही. 27 तारखेला बँक संपली आणि डीमॅटमधले आकडे पुसले गेले. भागधारक न्यायालयात गेले आहेत, ते चालेल तेव्हा चालेल.

लोक म्हणतात, आम्हाला काही कळलंच नाही. निर्बंधांचा दिवस कळणं शक्य नव्हतं, हे खरं. पण बाकी सगळं उघड्यावर होतं. सप्टेंबर 2019 मध्ये रिझर्व्ह बँकेने तिला ‘पीसीए’त, म्हणजे देखरेखीच्या कडक नियमांखाली, टाकलं. पुढच्याच महिन्यात इंडियाबुल्स या गृहकर्ज कंपनीबरोबरचं विलीनीकरण नाकारलं. जून 2020 च्या तिमाहीत भांडवल पर्याप्तता, म्हणजे दिलेल्या कर्जांच्या जोखमीच्या तुलनेत बँकेचं स्वतःचं भांडवल, 0.17 टक्के होती, जिथे किमान नऊ तरी लागते. सप्टेंबरअखेर ती शून्याच्याही खाली गेली. सप्टेंबरच्या वार्षिक सभेत तर भागधारकांनीच मुख्य कार्यकारी अधिकाऱ्यासह सात संचालकांना मत देऊन घालवलं. हे सगळं छापून आलेलं, फुकट वाचायला मिळणारं. तिमाही निकालाचं पत्रक डाउनलोड करून त्यातली भांडवल पर्याप्ततेची एक ओळ वाचायला पाच मिनिटं लागतात. टिप वाचायलाही तेवढीच लागतात.

एक अडचण सांगून ठेवतो, कारण सध्याचे निकाल वाचताना तुझी फसगत होईल. मार्चपासून ऑगस्टअखेरपर्यंत हप्त्यांना सवलत होती. पुढे 3 सप्टेंबरला सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं, की ऑगस्टअखेर जी खाती एनपीए, म्हणजे थकीत, नव्हती ती पुढच्या आदेशापर्यंत एनपीए ठरवायची नाहीत. डिसेंबरमध्ये सुनावणी संपली, निकाल अजून यायचा आहे. त्यामुळे डिसेंबर तिमाहीचा पहिला आकडा छान दिसतो आणि खरा आकडा खाली ‘प्रोफॉर्मा एनपीए’ या नावाने असतो. तो बघायचा. जानेवारीतल्या अहवालात रिझर्व्ह बँकेनेच म्हटलंय, की सप्टेंबर 2020 मध्ये 7.5 टक्के असलेली थकीत कर्जं या सप्टेंबरपर्यंत 13.5 टक्क्यांवर जाऊ शकतात. जातील असं नाही, पण बँकांच्या आकड्यांवर सध्या झाकण आहे एवढं समज.

आता राजकारण. तू लिहिलंस, दिल्लीच्या सीमेवर शेतकरी, इथे रोज सरकार पडणार म्हणून बातम्या, अशात शेअर धरावेत का? 2019 चा नोव्हेंबर आठव. शनिवारी पहाटे एका मुख्यमंत्र्यांचा शपथविधी, मंगळवारी राजीनामा, गुरुवारी शिवाजी पार्कवर दुसऱ्यांचा शपथविधी. मधल्या बुधवारी सेन्सेक्स पहिल्यांदाच 41,000 च्या वर बंद झाला. पुढच्या मार्चमध्ये 20 तारखेला भोपाळचं सरकार गेलं आणि सोमवारी, 23 ला, सेन्सेक्स 3,900 हून अधिक अंकांनी कोसळला. या दोन्हींचा काडीचाही संबंध नव्हता, ती भीती टाळेबंदीची होती. खुर्चीवर कोण आलं याने बँकेचा शेअर क्वचितच हलतो. हलतो तो कागदावर निघालेल्या आदेशाने. येस बँकेनंतर आपल्या राज्य सरकारने खात्यांना राष्ट्रीयीकृत बँकांत पैसे ठेवायला सांगितलं, तेव्हा खासगी बँका खरोखर हादरल्या, आणि ठेवी हलवू नका असं रिझर्व्ह बँकेला राज्यांना कळवावं लागलं होतं. कर्जमाफीचंही तेच. माफीचे पैसे सरकार बँकेला देतं, उशिरा का होईना. पण माफी येणार अशी नुसती कुणकुण लागली की नियमित भरणाराही हात आखडता घेतो. हे मी शाखेत बसून पाहिलंय. एप्रिलमधल्या एका परिपत्रकाने बँकांचा त्या वर्षीचा लाभांशही बंद झाला. त्यावर घरखर्च भागवणारे माझ्या वयाचे लोक तेव्हा पुरते गांगरले होते.

बँक ऑफ महाराष्ट्रची उडीही कागदाचीच आहे, फक्त तो कागद अजून निघालेला नाही. अर्थसंकल्पात दोन सरकारी बँकांच्या खासगीकरणाची घोषणा झाली, नावं नाहीत. सोमवारी बातमी आली, की चार बँकांचा विचार चाललाय, त्यात आपली पुण्याची एक. मंगळवारी चौघीही उडाल्या. यासाठी राष्ट्रीयीकरणाच्या कायद्यांत संसदेतून बदल करावा लागेल, संघटना संपाला उभ्या राहतील, कोण घेणार आणि काय भावाने हे कोणालाच माहीत नाही. शिवाय तिचे 90 टक्क्यांहून अधिक शेअर सरकारकडे आहेत. बाजारात फिरणारा माल थोडा असला की थोड्याशा खरेदीनेही सर्किट लागतं. बँक तशी वाईट नाही, 2019 च्या जानेवारीत ती पीसीएमधून बाहेर पडली आणि सावरतेय. तिचे आकडे आवडले तर सहा महिन्यांनी घे. आज तू बँक घेत नाहीयेस, बातमी घेतेयस.

आणखी एक. तुझी निफ्टीच्या इंडेक्स फंडात एसआयपी आहे ना? त्यातला एक तृतीयांशाहून जास्त पैसा बँका आणि वित्त कंपन्यांतच जातो. वरून सुटे बँक शेअर घेतलेस की तुझं सगळं एकाच बाजूला झुकतं. बँक निफ्टी, म्हणजे मोठ्या बँकांच्या शेअरचा निर्देशांक, गेल्या मार्चमध्ये 16,000 च्या घरात गेला होता, आज 35,000 च्या वर आहे. पण त्या उसळीतला एक रुपयाही लक्ष्मी विलासच्या भागधारकाला मिळाला नाही. सुटे शेअर घ्यायचेच असतील तर एका बँकेत तुझ्या एकूण गुंतवणुकीच्या पाच टक्क्यांवर जाऊ नकोस. भांडवल भरपूर असलेली, ठेवी वाढत असलेली बँक निवड, भाव हजारात असला तरी. दोन शेअर आले तर दोन. 600 हा आकडा डीमॅटमध्ये बरा दिसतो, एवढंच.

मास्क विसरू नकोस. ताईला नमस्कार सांग.

तुझा,
मामा

ता. क. तुझ्या शेअरपेक्षा मला ताईच्या ठेवींची जास्त चिंता आहे. निवृत्तीचे नऊ लाख एकाच सहकारी बँकेत आहेत, असं ती दिवाळीत म्हणाली होती. विम्याचं संरक्षण गेल्या फेब्रुवारीपासून एकाचं पाच झालं, पण ते दर ठेवीदाराला दर बँकेत पाच लाख, मुद्दल आणि व्याज धरून. दोन शाखांत ठेवलं तरी बँक एकच मोजतात. सोमवारी बंद उठला की आधी तिच्या पावत्यांच्या मुदती बघून मला कळव. मुदत संपेल तशी निम्मी रक्कम दुसऱ्या बँकेत हलवू.